तीस तासांत धंदा शिकणाऱ्या नातीला

कोनगाव, ता. भिवंडी

चि. बाळ,



परवा फोनवर तू सांगितलंस, की वनस्पतिशास्त्राच्या जोडीला या सत्रात तू उद्योजकतेचा विषय घेतला आहेस. ऐकून मला फार बरं वाटलं. नव्या शैक्षणिक धोरणात मुलांनी आपल्या शाखेबाहेरचा एक खुला ऐच्छिक विषय घ्यायचा असतो, म्हणून तुझ्या वर्गात इतिहासाची, मानसशास्त्राची, मराठीची आणि तुझ्यासारखी पानाफुलांची मुलं एकाच बाकावर आली आहेत, हेही आवडलं. पण त्याच दमात तू विचारलंस, "आजोबा, मुद्रा कर्ज लगेच मिळतं का हो? आमचा आराखडा पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे." तेव्हा मी 'बघू' म्हणालो आणि फोन ठेवला, कारण फोनवर माझं बोलणं तुझ्या घाईच्या मागे धावायला लागतं. म्हणून हे पत्र. सवडीनं वाच, जेवण झाल्यावर वाचलंस तरी चालेल.

दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे तीस तास. एवढ्यात कल्पना शोधायची, आराखडा लिहायचा आणि शेवटी परीक्षकांपुढे पाच मिनिटांत मांडायची. तुमच्या सरांचा यात दोष नाही, त्यांच्या हातात तासच तेवढे आहेत. तुझ्या प्रामाणिकपणाची, कष्टांची मला तिळमात्र काळजी नाही. ते तुझ्या अंगात आहे, आईकडून आलं आहे. काळजी वाटते ती एवढीच, की तीस तासांत विषय संपला म्हणजे धंदाही तेवढ्यात उभा राहायला हवा, असं तुम्हा मुलांना वाटून जाईल.

आणि 'आम्ही कॉमर्सची नाही' हे जे तू दोनदा म्हणालीस, ते मनातून काढून टाक बरं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखताना डोळे साथ देईनात म्हणून चित्रकला सुटली. मग ते यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. मुंबईहून ते सायकली पाठवायचे आणि बेळगावात त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. पुढे कडबा कापायचं यंत्र झालं, लोखंडी नांगर झाला. नांगर उत्तम होता, पण लोखंडानं जमिनीत विष भिनतं असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं, बाळ! तुझी सगळी पदवी तीन-चार वर्षांची. त्या दोन वर्षांत त्यांनी नांगर बनवणं सोडलं नाही आणि शेतकऱ्याला मूर्खही म्हटलं नाही. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे सगळे सांगतात. मला मात्र त्यांची ती न खपलेल्या नांगरांची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

त्याच किर्लोस्करांचे नांगर गावोगाव फिरून विकणाऱ्यांत एक तरुण होता, भाऊराव पाटील. नांगराच्या निमित्तानं तो खेड्यांतल्या घरांत शिरला, ओसरीवर बसला, शेतकऱ्याची पोरं शाळेवाचून कशी राहतात ते त्यानं पाहिलं. १९१९ साली काले गावी त्यानं रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 'कमवा आणि शिका' ही रीत महाराष्ट्राला घालून दिली. तुझ्या पुणे विद्यापीठातली कमवा व शिका योजना भाऊरावांच्याच नावानं चालते. तुझ्या वसतिगृहातल्या ज्या मुली सकाळी तासापूर्वी ग्रंथालयात किंवा बागेत काम करतात, त्यांच्याशी एकदा बोल. कामाचे तास आणि पैसे यांचा मेळ त्यांना तुझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा चांगला सांगता येईल.

हे शिकवून येतं का, असंही तुझ्या मैत्रिणीनं विचारलं म्हणालीस. येतं. डेव्हिड मॅक्लेलंड नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या काकिनाड्याच्या छोट्या व्यापाऱ्यांना हैदराबादला बोलावून थोड्या दिवसांचे वर्ग घेतले आणि नंतर त्यांच्या धंद्यांत काय फरक पडला ते पाहिलं. शिकून गेलेल्यांनी न शिकलेल्यांपेक्षा जास्त हातपाय हलवले, असं त्यांना दिसलं. त्यांचा एक खेळ मला फार आवडतो. खुंटीवर कडी फेकायची, पण कुठून फेकायची ते ज्यानं त्यानं ठरवायचं. काहीजण अगदी खुंटीजवळ उभे राहतात, काही उगाच लांब जातात. काम तडीस नेण्याची ओढ ज्याला असते तो मधलं अंतर घेतो, जिथून नेम चुकूही शकतो पण लक्ष दिलं तर लागूही शकतो. तुमच्या सरांना सांग, वर्गात एकदा खेळून बघा, मानसशास्त्राची मुलं खूश होतील. तू कुठे उभी राहशील ते मला ठाऊक आहे. तू मधेच उभी राहशील, फक्त पहिली कडी चुकली की लगेच दुसरी फेकशील. तिथे थोडी थांब.

आता तुझ्या रोपांकडे येतो. गवती चहा, अडुळसा, तुळस, पानओवा यांची रोपं पिशव्यांत वाढवून विकायची, ही कल्पना मला मनापासून आवडली, कारण ती तुझ्या अभ्यासातून आली आहे. कलम कुठल्या पेराखाली कापायचं, कुठल्या मातीत पाणी साचतं, बुरशी कशानं येते, हे तुला येतं, आणि तेच तुझं पहिलं भांडवल. पण हिशेब मी तुला समजावून देतो, कारण भिवंडीत सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात किर्द-खतावणी लिहिण्यात माझा जन्म गेला आहे.

समज, पिशव्या, माती, शेणखत, कलमं मिळून १,४०० रुपये खर्च झाला आणि तू १०० कलमं लावलीस. तू फोनवर म्हणालीस, "रोप १४ रुपयांना पडतं." नाही पडत, बाळ. त्यातली ३० वाळतील, हे तुझं शास्त्रच तुला सांगेल. राहिली ७०, म्हणजे रोप २० रुपयांना पडलं. ती कॉलेजच्या मेळाव्यात न्यायला टेम्पोला ३५० रुपये दिलेस, रोप २५ ला गेलं. आता तू ४० ला विकलंस, तर रोपामागे १५ आणि सगळी विकली गेली तर १,०५० रुपये हाती राहतील. छान. पण माती कालवण्यापासून विकेपर्यंत तुमचे सगळ्यांचे मिळून ३५ तास गेले असतील, तर तासाला ३० रुपयेच पडले. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. हे माहीत असावं, एवढंच. ज्याला आपल्या तासाची किंमत माहीत नसते तो दमतो आणि आपण का दमलो हे त्याला कळत नाही. शिवाय कलमाला मुळं धरायलाच तीन-चार आठवडे जातात, म्हणजे मेळाव्याच्या तारखेपासून मागे मोजत यायला हवं. परीक्षकांपुढे मांडताना ही मोजणी आधी दाखव, रंगीत चित्रं नंतर.

तुझी पणजी शाळेत गेली नव्हती, तरी हा हिशेब तिला येत होता. पहाटे चारला उठून ती भाजीची पाटी घेऊन दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूनं कल्याणच्या बाजारात जायची. येताना तिच्या पदराला दोन गाठी असायच्या. एकीत उद्याच्या मालाचे पैसे, दुसरीत घरखर्चाचे. घरात कितीही नड असली, पोरांनी कितीही हट्ट केला, तरी पहिली गाठ घरात सुटत नसे, ती दुसऱ्या दिवशी बाजारातच सुटायची. आम्हा भावंडांना तेव्हा तिचा राग यायचा. तुझ्या पुस्तकात भांडवल आणि मिळकत वेगळी ठेवा असं एक वाक्य असेल, ते वाचताना पणजीच्या त्या दोन गाठी आठव. तुझ्याकडे फोन आहे, त्यावर पैसे येतात नि जातात आणि कुठले कुठले ते कळत नाही, म्हणून रोपांच्या पैशांसाठी वेगळं खातं ठेव. आणि एक वही कर, साधी, शिवणीची. रोज रात्री निजण्यापूर्वी काय आलं, काय गेलं, हातात काय उरलं, तीन ओळी. ज्या दिवशी काहीच आलं नाही त्या दिवशीही 'काही नाही' असं लिहायचं. तू पहाटे उठून अभ्यास करतेस हे तुझी खोलीतली मैत्रीण आजीला सांगत होती, फार चांगलं वाटलं. उठल्यावर आधी कालचं पान वाच. सकाळी डोकं निवांत असतं, आकडे खरं बोलतात.

आमच्या भिवंडीतून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे आणि ती कॉमर्सच्या मुलांनाही पुस्तकातून लवकर कळत नाही. इथे यंत्रमागांवर कापड विणतात, पण पुष्कळ मागवाले स्वतःचं कापड विकत नाहीत. व्यापारी सूत देतो, मागवाला विणून देतो आणि मजुरी घेतो. कापडात इंचाला आडवे धागे किती, त्याला पिक म्हणतात आणि मजुरीचा दर पिकामागे पैशांत ठरतो. समज १० पैसे दर आहे आणि कापड ५२ पिकाचं आहे, तर मीटरला ५ रुपये २० पैसे झाले. व्यापाऱ्यानं एक पैसा कमी केला तर ऐकणाऱ्याला वाटतं, एक पैसा तर आहे! पण मीटरला ५२ पैसे गेले, हजार मीटरला ५२० रुपये. वीजबिल तेवढंच राहतं, कारागिराची मजुरी तेवढीच राहते. असल्या एकेका पैशावर इथली घरं उभी राहिलेली आणि बसलेली मी पाहिली आहेत, आणि ती माणसं आळशी नव्हती, लबाडही नव्हती.

त्यातून उधारी. कापड आज गेलं तरी पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात आणि कारागीर तर पंधरवड्याला दारात उभा असतो, त्याचंही पोट आहे. या मधल्या दिवसांत जो पैसा लागतो ते खेळतं भांडवल. नफ्यातला धंदासुद्धा याच दिवसांत बुडतो. कायद्यानं लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवं, २००६ सालापासून तसं लिहिलेलं आहे, पण कायदा तुझ्या बाजूनं असणं आणि पैसे हातात असणं यांत बरेच दिवस जातात. म्हणून तुझ्या मामानं सोसायटीसाठी ५० रोपं मागितली, तरी अर्धे पैसे आधी घे. मामाकडूनही. तो रागावणार नाही, त्याला मी सांगतो.

कल्पना कुठून सुचतात, असंही तुम्हाला शिकवतील. मी म्हणेन, आधी बघायला शीक. आपल्या तालुक्यात एवढी गोदामं का आली? मुंबईत माल शिरताना जकात लागायची आणि भिवंडीची गावं त्या हद्दीबाहेर, महामार्गाच्या कडेला, बंदरापासून फार लांब नाहीत. माल इथे उतरवायचा, हवा तेवढाच मुंबईत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, तेव्हा कितीजण म्हणाले, आता गोदामं ओस पडणार. उलट आणखी वाढली, कारण तोवर रस्ते, हमाल, ट्रक, वजनकाटे सगळं इथे जमलं होतं. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना एकदम पैसा मिळाला आणि कोणी कोणी तो घाईनं खर्चून बसले. त्यांची नावं नकोत, आपलीच माणसं आहेत. पण ज्यांच्याकडे जमीनही नव्हती अशा काही बायकांनी हमालांना भाकरीचे डबे द्यायला सुरुवात केली. कोणी मोडक्या लाकडी पॅलेटी दुरुस्त करू लागला. त्यांनी काय केलं? रोज त्याच रस्त्यानं जाता-येता पाहिलं, की माणसं उपाशी थांबतात आणि लाकूड फुकट जळतं. तूही आठवडाभर तुझ्या कॉलेजच्या फाटकाशी सकाळी अर्धा तास उभी राहा. रोप कोण विकत घेईल, त्याच्या घरी गॅलरी आहे का, ऊन येतं का, रोप मेलं तर तो परत येईल का, विचार. वीस माणसांशी बोलेपर्यंत आराखड्यात एक ओळही लिहू नकोस.

कर्जाचं विचारलंस ना? शिशु मुद्रा कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही, योजना चांगली आहे. तुला मात्र आज त्याची गरज नाही. १,४०० रुपयांच्या कामाला ५०,००० घेतले की उरलेले पैसे आपली वाट स्वतः शोधतात. गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, तेच पुढे लिज्जत झालं. पहिल्या वर्षाची त्यांची विक्री ६,१९६ रुपयांची होती. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पा पारेख म्हणून त्यांचे वडीलधारे मार्गदर्शक होते, त्यांनी सांगितलं, एकच प्रत करा, चांगली करा आणि हिशेब नीट ठेवा. किती साधा सल्ला आहे बघ! तुझी वाकडी-पिवळी रोपं स्वस्तात विकायचा मोह तुलाही होईल. ती विकू नकोस, शेजाऱ्यांना दे. उद्यम नोंदणीही आत्ताच नको. करशील तेव्हा लक्षात ठेव, ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस.

तुमच्या सरांना माझा नमस्कार सांग आणि जमल्यास एक विनंती कर. पुण्यापासून फार लांब नाही, शिरूर तालुक्यात पाबळ आहे, तिथला विज्ञान आश्रम मुलांना एकदा दाखवा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. मोठी नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी तो सुरू केला. मुलांनी वेल्डिंग, शेती, वीज, अन्नप्रक्रिया हातानं करून शिकायची आणि शिकता शिकता गावाची खरी कामं करून द्यायची. शाळेतली मुलं शेजारच्या घराचं काम घेतात, सामानाचा खर्च मांडतात, गिऱ्हाईक नाराज झालं तर पुन्हा करून देतात. तिथे परीक्षक म्हणजे ज्याच्या घरी फाटक बसवलं तो माणूस. तीस तासांपैकी एक दिवस तिथे गेला तरी वाया जाणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

वर्गातल्या आणखी एकीसाठीही सुचतं ते लिहितो, रागावणार नाहीस ना? तुझी ती इतिहासाची मैत्रीण म्हणते ना, माझ्या विषयातून काय विकणार? तिला सांग, आमच्या कोनसमोर खाडीपलीकडे दुर्गाडी आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात केली. रोज हजारो माणसं किल्ल्याजवळच्या पुलावरून जातात, पण तिथे थांबून नीट, खरं, पुराव्यानिशी सांगणारं कोणी भेटत नाही. रविवारी सकाळी वीस माणसांना फिरवून सांगितलं तर लोक आनंदानं पैसे देतील. अट एकच, सांगण्याआधी तिनं वाचायला वर्ष घ्यावं.

आता दिवाळीच्या सुट्टीत इथे माग बघायला यायचं, त्याबद्दल. सुट्टीच्या शेवटच्या दिवसांत तिघी-चौघींना घेऊन ये, आधी नको, कारण दिवाळीत बरेच माग बंद असतात. एका सायझिंगच्या मालकांशी आणि एका मागवाल्याशी बोलून ठेवलं आहे. सूत, ते गुंडाळायचे बीम, माग आणि न रंगवलेलं ग्रे कापड, सगळं एका सकाळी बघून होईल आणि मागवाला त्याची वही दाखवायला तयार आहे, ही मोठी गोष्ट समज. सातच्या आत निघावं लागेल, नाहीतर रांजनोली नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अर्धा दिवस जातो. ओढण्या नकोत, मागात अडकतात, केस बांधून घ्या. आवाज फार असतो, म्हणून विचारायचे प्रश्न आधी कागदावर लिहून आणा. तुझी वही आण, कशीही असली तरी. आणि किती जणी येणार ते आठ दिवस आधी कळव, आजीला वालाचं बिरडं करायचं आहे आणि वाल भिजवून मोड यायला वेळ लागतो.

तुझा,
आजोबा